बारावं वर्तुळ

पंचफुलाबाई झाकलेलं ताट दोन्ही हातांनी सांभाळत दारात आली आणि मेथी निवडत बसलेल्या प्रणालीला पाहताच तिनं गळा काढला.

"कवा झालं वो माय? मले एक आवाज तं द्याचा!"

प्रणालीला क्षणभर काही उमजलं नाही. ताटावरचं फडकं सरकलं होतं. आत ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर पिठलं आणि फोडलेला कांदा. ते पाहिलं आणि तिच्या हातातली जुडी हातातच राहिली. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकर-पिठलं नेऊन देतात. पंचफुलाबाई गल्लीत सगळ्यांत जुनी, रीतीभातीला पक्की, कुणाच्याही दुःखात पहिला पाय तिचा. चूक एवढीच झाली होती की माणूस अजून गेलं नव्हतं. ते आतल्या खोलीत पाठीशी दोन उशा घेऊन, टीव्हीवर कापसाचे भाव ऐकत बसलं होतं.

"कोन आलं वो?" तिच्या वडिलांनी, शेषरावांनी, आतून विचारलं.

पंचफुलाबाईचं रडणं थांबलं. तिनं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि ती पुटपुटली, "थे पोट्टे उभे आहेत ना बाहेर. खाली मुंड्या घालून. एकबी बोलत नाई. मले वाटलं..."

वाटणारच. शेषराव म्हैसन्यांच्या घरासमोर आठवडाभर चार-सहा पोरं असायची, आज सकाळपासून वीस-बावीस उभी होती. मोटारसायकली कडेला लावलेल्या, माना खाली, तोंडातून शब्द नाही. मयतीला आलेली माणसं अशीच उभी असतात. या पोरांच्या हातात मोबाईल होते, पण पंचफुलाबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर, तिला मोबाईल कुठून दिसणार?

आलेलं ताट तसंच परत पाठवता येईना. प्रणालीनं ते घेतलं. म्हातारी तोंडाला पदर लावून, पोरांच्या मधून वाट काढत घरी गेली. पोरांनी तिला अदबीनं वाट दिली.

"पंचफुलानं पिठलं धाडलं? काहून?" शेषरावांनी विचारलं.

"जास्तीचं झालं म्हणे."

"असं?" त्यांनी ताट मांडीवर ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि चवीनं खायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी अख्खी भाकर संपवली. प्रणालीला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची शरमही वाटली. ती ताट विसळायला मोरीत गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

या सगळ्याचं मूळ तिच्याच हातचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रणाली अमरावतीला, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवायची. आकड्यांवर जीव, बोलणं नेमकं, आणि वय एकोणतीस असूनही मोबाईलवरच्या एका खेळाचं वेड. खेळाचं नाव हंटारा. मोबाईल घेऊन गावभर फिरायचं, नकाशावर निघणारे चित्रविचित्र प्राणी पकडायचे, गोळा करायचे. साडेतीनशे प्राणी होते. त्यातला एक सगळ्यांत दुर्मीळ. राखाडी रंगाचा, कुत्र्याएवढा, तोंड नसलेला. बाकीचे प्राणी निघाले की काहीतरी ओरडत. हा निघायचा तेव्हा मोबाईलमधून कसलाच आवाज येत नसे. वऱ्हाडातल्या पोरांनी त्याचं परदेशी नाव कधीच टाकून दिलं होतं. ती त्याला बिनबोल्या म्हणत.

बिनबोल्या अचानक येत नसे. आधी नकाशावर एक पोकळ वर्तुळ उमटायचं. ते आठ-दहा दिवस तसंच राहायचं. मग कधीतरी, कुठल्याही घटकेला, तो त्या वर्तुळात निघायचा, आणि त्या वेळी जो चाळीस पावलांच्या आत उभा असेल त्यालाच मिळायचा. म्हणून पोरं दिवस दिवस उभी राहत. अकोला आणि अमरावती मिळून दोन वर्षांत अशी अकरा वर्तुळं उमटली होती.

इंटरनेटवर प्रणालीचं एक पान होतं, त्यावर ती या खेळाविषयी लिहायची, बोलायची. कुठला प्राणी कुठल्या हवेत निघतो, कशाचा कशाशी संबंध. तीनशे-साडेतीनशे लोक वाचत. एकदा बाळापूरच्या उसामानं, हा तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि तिच्या पानाचं अर्धं काम तोच करायचा, सहज म्हटलं होतं, "ताई, दर्यापूरला वर्तुळ पडलं होतं ना, तिथल्या समोरच्या घरची आजी वारली." बस. तेवढ्यावरून तिच्या डोक्यात किडा शिरला. महिनाभरानं तिनं एका व्हिडिओत मांडणी केली: जिथं बिनबोल्याचं वर्तुळ पडतं, तिथलं एक माणूस महिन्याच्या आत जातं. अकरापैकी नऊ ठिकाणी गेलं आहे. तक्ता दिला, तारखा दिल्या, गणिताच्या बाईंचा शांत आवाज दिला.

चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. लोकांना प्राणी मिळत होताच. त्यांना त्याच्यामागचं कारण हवं होतं.

आणि आठवड्यापूर्वी बारावं वर्तुळ उमटलं. अकोटात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, बरोबर म्हैसन्यांच्या दारासमोर.

उसामानं पाठवलेलं ते चित्र पाहून प्रणाली वर्गातून उठली, रजेचा अर्ज टाकला आणि दुपारची एसटी पकडून गावी आली.

शेषराव एकतीस वर्षं जिनिंगच्या वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या त्यांच्यासमोर चढत आणि ते सांगतील तो आकडा. शेतकरी जिनिंगवाल्याला काय वाटेल ते बोलत, पण काट्यावर म्हैसने आहेत म्हटलं की गाडी मुकाट्यानं लावत. दीड वर्षापूर्वी त्यांचं हृदय थकलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्या चुकवल्या नाहीत तर हे हृदय अजून दहा वर्षं ओढेल. चुकवल्या तर पंधरा दिवसांचीही हमी नाही." प्रणालीची आई, सत्यवतीबाई, पहाटे उठून झेंडू-शेवंती तोडायच्या, बाजारात बसायच्या, आणि गोळ्यांची वेळ मात्र कधी चुकू देत नसत. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. माणसाला घाबरवू नका. मन खचलं की औषध लागू पडत नाही.

म्हणून प्रणालीला एकच करायचं होतं. दारासमोर ही पोरं कशाची वाट पाहतात, ते बाबांना कळू द्यायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी ती पोरांसमोर जाऊन उभी राहिली होती. "घरात आजारी माणूस आहे. तुम्ही जा."

"माहीत आहे ताई," पुढे उभा असलेला एक पोरगा हळूच म्हणाला. तो अकोल्याहून आला होता, नाव रोहित. "म्हनून तं आमी आवाज नाई करून राहिलो."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांत खरोखरची कळकळ होती. दोघांनी तिच्यासोबत फोटो काढायला मोबाईल पुढे केले, मग जागेचं भान येऊन खिशात घातले.

बाबांना तिनं सांगितलं की या जागी मोबाईलला रेंज चांगली येते, म्हणून पोरं उभी राहतात. शेषरावांनी मान हलवली. आजूबाजूला एकही नवा टॉवर झालेला नाही, हे सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी सत्यवतीबाईंनी संतापून पोरांच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. "मेल्याहो, तुमच्या घरी मायबाप नाईत का?" पोरं मागे सरली, मोबाईल पुसले, पुन्हा जागेवर आली. एकानंही उलट शब्द काढला नाही. संध्याकाळी त्या फुलांचं गाठोडं घेऊन आल्या तर दोघं धावत पुढे झाले आणि गाठोडं उतरवून घेत म्हणाले, "काकू, आता तुमी जड नका उचलू." सत्यवतीबाईंना ते शब्द घरात आल्यावर कळले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

पंचफुलाबाईचं ताट विसळून झालं आणि प्रणालीनं ठरवलं. ती गच्चीवर गेली, मोबाईल कठड्यावर टेकवला आणि चाळीस हजार लोकांना खरं ते सांगितलं.

"अकरापैकी नऊ हे खोटं आहे. खरे मृत्यू चार. दोन माणसं वर्तुळ पडायच्या आधीच्या वर्षी गेली होती, त्यांच्या तारखा मी बदलल्या. एक दुसऱ्याच गल्लीतलं होतं. आणि दोन मी रचले. तिथं कुणीच गेलं नव्हतं. जे चार आहेत, तेही काही विशेष नाहीत. भरवस्तीत कुठंही गोल काढा, महिन्या-दोन महिन्यांत त्यातलं कुणी ना कुणी जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ, एवढंच. मी गणित शिकवते. मला हे ठाऊक होतं. तरी केलं."

बोलताना तिचा आवाज कापला. खाली उतरली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. अब्रू जाईल, नोकरीही कदाचित जाईल, पण गल्ली मोकळी होईल.

तासाभरानं तिनं लोकांनी काय लिहिलंय ते पाहिलं.

'स्वतःच्या दारात आलं तेव्हा ताईला खोटं आठवलं.'

'आवाज ऐका तिचा. रडतेय. घरच्यांनी बोलायला लावलंय.'

'आतापर्यंत शंका होती. आज खात्री झाली.'

कुणीतरी तिचे दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले होते. पहिल्यात ती स्थिर होती, ठाम होती. दुसऱ्यात डोळे सुजलेले. कुणीही पहिल्यावरच विश्वास ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पन्नास पोरं होती. परतवाड्याची होती, मूर्तिजापूरची होती, दोन पोरी नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी येताना रिकाम्या हातानं यायचं टाळलं होतं. ओट्यावर केळीचे घड, संत्र्यांची पिशवी, बिस्किटांचे पुडे जमत गेले, आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात तसे. फक्त भेटायला आत कुणी येत नव्हतं. ते बाहेरच थांबत. कुणी खोकलं तर बाकीचे त्याच्याकडे पाहत. शेषराव आत खोकले तर मात्र सगळ्या माना एकदम वर होत आणि घराकडे वळत. प्रणालीनं ते खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि खिडकी पुरती लावून घेतली.

तिनं पोलिसांत फोन केला. एक शिपाई येऊन गेला. "रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही मॅडम," म्हणाला. जाताना त्यानं एका पोराला विचारलं, "अजून निघालं नाही का?"

गुरुवारी दुपारी ती बाबांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. सव्वाचार झाले असतील. शेषराव डोळे मिटून पडले होते. बाहेर एकाएकी पावलांची गडबड झाली, दबक्या आवाजात कुणीतरी "आलं, आलं" म्हणालं, मग दोन-चार मिनिटं काही नाही. मग मोटारसायकली सुरू झाल्या. एकामागून एक. आवाज गल्लीच्या टोकाला गेला, मोठ्या रस्त्याला लागला आणि विरला.

प्रणाली धावतच दारात गेली. गल्ली रिकामी. समोरच्या भिंतीच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. नऊ दिवसांत तिनं ती भिंत पहिल्यांदा पुरती पाहिली. तिला इतका आनंद झाला की तिनं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, ओट्यावरची केळी उचलली, आत ठेवली, पुन्हा बाहेर आली.

आणि ती जागच्या जागी थांबली. पोरं कंटाळून गेली नव्हती. ती ज्यासाठी आली होती, ते त्यांना मिळालं होतं.

गल्लीच्या टोकाशी उसामा गाडीला टेकून उभा होता. तो आज बाळापूरहून आला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती जवळ गेली तरी त्यानं मान वर केली नाही.

"मी नाई धरलं, ताई," तो म्हणाला. "सगळ्याईनं धरलं. माह्या समोर होतं. तुमच्या पायरीवर बसेल होतं. माह्या हातानं ते झालंच नाई."

"उसामा, तुला तरी माहीत आहे ना? बाळापूरचं तर तूच मला सांगितलं होतंस, किल्ल्याजवळच्या वर्तुळात कुणी गेलं नाही म्हणून. तिथलं नाव मी रचलं होतं."

उसामा गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

"तवा नव्हतं गेलं कोनी, ताई. तुमी व्हिडिओ टाकला, त्याच्या अठरा दिवसानं दाऊदचाचा गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी घर त्याईचं. सकाळी चहा पेले आन् बसल्या जागी गेले. चांगले धडधाकट होते." त्यानं घसा साफ केला. "तुमाले सांगतलं नाई मी. म्हटलं, उगीच काहून."

"बोलाफुलाला गाठ पडते, उसामा."

"हो ताई."

"पडते."

"हो," तो म्हणाला आणि गाडीवर बसला. "काकांची काळजी घ्या." गाडी सुरू करताना त्याच्याकडून दोनदा किक चुकली.

प्रणाली घरी परतली ती जवळजवळ पळत. गणित तिला येत होतं. शक्यता म्हणजे काय, हे तिनं सात वर्षं पोरांना शिकवलं होतं. तरी आतल्या दाराशी पोचल्यावर तिचा पाय उंबऱ्यावर अडला आणि तिनं आधी कान दिला. मग पाहिलं. शेषरावांची छाती वरखाली होत होती. तिनं सात श्वास मोजले.

"गेले का थे?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"गेले बाबा. कंटाळले असतील."

"निघालं वाटते मंग."

ती पलंगाच्या कडेवर बसली. शेषरावांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिनं भीतीसाठी स्वतःला तयार केलं होतं. या चेहऱ्याशी काय करायचं, तिला कळेना.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दुसऱ्याच दिशी समजलं. तू मायसंग फुलं आनाले गेलती. त्या अकोल्याच्या पोट्ट्याले मी खिडकीतून हाक मारली. म्हटलं, बाबू, उन्हात काहून उभा आहेस, पानी पे. त्यानं सारं दाखोलं. तुहा व्हिडिओबी दाखोला." ते जरासे हसले. "चाळीस हजार लोक पाह्यतात म्हने तुले. तू कधी बोलली नाई."

"आणि ती भाकर? पंचफुलाबाईची?"

"खाल्ली ना. आपल्या नावाची भाकर आपल्याले खाऊन पाह्यता येते का कधी? पिठलं चांगलं केलतं म्हातारीनं."

प्रणालीनं त्यांचा हात धरला. हात गार होता, पण तो दीड वर्षापासून गारच असायचा.

"बाबा, नीट ऐका. ते सगळं खोटं आहे. मी खोटं लिहिलं. लोकांनी वाचावं म्हणून. आकडे फिरवले. तारखा फिरवल्या. तुमच्या भाषेत सांगते, मी काटा मारला."

शेषरावांनी मान हलवली, सावकाश, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"शेषराव म्हैसन्याची पोरगी काटा मारत नसते."

"मारला, बाबा. शपथेवर सांगते."

"एकतीस वर्सं माह्या काट्यावर कोनी बोट ठेवलं नाई. लहानपनी तू माह्या मांडीवर बसून वजनं वाचत होती. पाच ग्राम इकडचं तिकडं झालं तं रडत होती." त्यांनी तिचा हात थोपटला. "तुह्यापासून नाई होत थे."

"मी तुम्हाला कागद दाखवते. खऱ्या तारखा आहेत माझ्याजवळ."

"राहू दे. माह्या मायले डाक्टरनं आठ दिवस सांगतले होते, तवा मीबी तिले म्हनलं, डाक्टर नवा पोट्टा आहे, त्याले काय समजते. माय हो म्हने. तिलेबी समजत होतं आन् मलेबी. असं बोला लागते, पोरी. तू बोलली, बरं केलं." त्यांचा आवाज समाधानी होता. "पन मी काट्यावरचा मानूस आहो. लिवलं थे लिवलं."

प्रणालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांना दिसलं, आणि त्यांची उरलीसुरली शंकाही फिटली, हे तिला त्यांच्या तोंडावर वाचता आलं. रडू आवरलं पाहिजे, तिनं स्वतःला बजावलं. जितकी रडेन तितकं ते खरं होत जाईल. पण रडू काही ऐकेना.

पाच वाजले. तिनं पदराला डोळे पुसले, पाण्याचा पेला भरला, गोळी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. या घरातलं घड्याळ चुकेल, पण ही पाचची गोळी चुकत नसे.

शेषरावांनी तिची मूठ हळूच मिटवली.

"ठेव. कपाटात तीन पाकिटं कोरी आहेत. फोडू नको. कोरं पाकीट मेडिकलवाला वापस घेते. उद्या नेऊन दे."

"बाबा!"

"माहागाची असते थे गोळी. कायले वाया घालवतं?"

ती उठली. कपाट उघडलं. तिन्ही पाकिटं घेऊन पलंगाशी आली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक गोळी अंगठ्यानं दाबून फोडायला लागली. चंदेरी कागद फाटत गेला. गोळ्या चादरीवर पडत होत्या, काही पलंगाखाली घरंगळल्या. तीस गोळ्या. आता एकही परत घेण्यासारखी राहिली नव्हती. तिचा अंगठा दुखायला लागला होता.

शेषराव ते पाहत होते. ते रागावले नाहीत. हिशेबी माणसाला नासाडी पाहून वाईट वाटतं, तेवढंच वाईट त्यांना वाटलेलं दिसलं.

"आता तरी घ्या," ती एक गोळी पुढे धरत म्हणाली. "वाया जाऊ देऊ नका."

त्यांनी उशीवर मान टेकवली आणि खिडकीबाहेरच्या मोकळ्या गल्लीकडे पाहू लागले.

ओट्यावर फुलांचं गाठोडं टेकवल्याचा आवाज आला. सत्यवतीबाई बाजारातून परतल्या होत्या. नऊ दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव होता.

"गेले वाटते मेले सारे!" त्या बाहेरूनच ओरडल्या. "अहो, ऐकलं का? सुटलो बाप्पा एकदाचे."

"हो," शेषरावांनी आतून उत्तर दिलं.

प्रणालीचा हात गोळीसकट तसाच पुढे होता.